मांडीपर्यंतचे बूट

आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा तिथं गाव नव्हतं, नुसती धुराडी उभी होती. जर्मन सैन्य घरं, गोठे, होड्या, धक्के, सगळं जाळत जाळत मागं हटलं, त्याला दोन हिवाळे उलटले होते. हाकलून दिलेली माणसं आता परत येऊन माती आणि गवताच्या ढेकळांच्या झोपड्या बांधून राहत होती. आम्ही वरच्या माळावरचे, रेनडिअर राखणारे. ती किनाऱ्यावरची, मासे धरणारी. दोघांची भाषा एकच, पण चिडवाचिडवी पिढ्यान्‌पिढ्यांची. ते आम्हाला ‘केसाळ’ म्हणायचे, आम्ही त्यांना ‘खवलेवाले’. त्या वर्षी मात्र कुणी कुणाला तसं हाकारलं नाही.

माझं लग्न होऊन एकच हिवाळा झाला होता. नवरा युहान, सासरे मिक्केल आणि युहानची थोरली बहीण राव्दना. मी त्यांना वन्सं म्हणायचे. तंबूत शिरताना सगळेच वाकतात, पण वन्सं घडी घातल्यासारख्या वाकायच्या, इतक्या उंच होत्या. चाळिशी ओलांडली तरी लग्न केलेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर “मागणी घालायला आला तो बुटका होता,” एवढंच सांगायच्या आणि विचारणाऱ्याच्या उंचीकडे बघायच्या.

दर वसंतात आमच्या गाभण माद्या समोरच्या बेटावर विण्यासाठी जायच्या. त्यांना ते कुणी शिकवत नाही. दिवस वाढू लागला, बर्फाचा वरचा थर दुपारी मऊ पडू लागला की त्यांची तोंडं आपोआप समुद्राकडे वळतात. माणूस फक्त मागून चालतो. पण बेट आणि किनारा यांच्यामध्ये खाडी आहे, आणि ती पोहूनच ओलांडावी लागते. लढाईच्या आधी किनाऱ्यावरचे लोक दोन्ही बाजूंनी इंजिनाच्या होड्या लावून द्यायचे, म्हणजे कळप भरकटायचा नाही. आता साऱ्या किनाऱ्याला मिळून एक वल्ह्यांची होडी उरली होती. ती किनाऱ्यावरच्या ओलेआनामावशीची; तिला सगळेच मावशी म्हणायचे. सैन्य यायच्या आदल्या दिवशी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं होडीत दगड भरून ती खाडीत बुडवून ठेवली होती. पाण्याखालची होडी कोण जाळणार?

तिचा नवरा, इसाक, हाकलून दिलेल्यांच्या दक्षिणेकडच्या छावणीत छातीच्या दुखण्यानं गेला. मावशी एकटीच परतली, ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं एकेक दगड बाहेर काढला आणि होडी वर आणली. हे तिनं आम्हाला सांगितलं ते मासा सोलता सोलता, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं.

समुद्रावर वारा होता. तो पडेपर्यंत थांबणं भाग होतं. आम्ही मावशीच्या झोपडीशेजारी तंबू ठोकला. किनाऱ्यावर वितळलेला बर्फ आणि चिखल घोट्याच्या वर. आमचे केसाळ कातड्याचे बूट कडक थंडीत उबदार, पण असल्या राड्यात ते ओल्या मांजरासारखे होतात. दुसरे, कमावलेल्या चामड्याचे होते ते घोट्यापर्यंतच. रबरी बूट मिळायचे ते दुकान जळून गेलेलं. वन्सं दिवसभर होडीची कामं करायला पाण्यात उतरायच्या आणि संध्याकाळी शेकोटीपाशी बसून पायांची बोटं मोजून बघायच्या, सगळी आहेत की नाहीत.

एकदा मावशी आली ती काखेत काहीतरी धरून. धप्पकन समोर टाकलं. दोन लांबच लांब काळे बूट. मांडीपर्यंत येणारे, समुद्रावर जायचे. पण कसले बूट! वाळून लाकूड झालेले. एक अर्ध्यात मोडल्यासारखा वाकडा, त्याच्या घडीवर मीठ फुललेलं, तळव्याशी बुरशी.

“इसाकचे आहेत,” मावशी म्हणाली. “निघताना खडकाच्या कपारीत लपवून ठेवले होते. म्हणाला, परत येऊ तेव्हा लागतील. बघ तुझ्या कामाचे असतील तर. नाहीतर चुलीत घाल.”

युहाननं एक उचलून ठोकून पाहिला. “ताई, हे बूट आहेत की शवपेट्या? आत गेलेला पाय बाहेर यायचा नाही.”

“तुझं तोंड असं बंद होत असतं तर बरं झालं असतं,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी बूट हातात घेतला. नाकाशी नेला. मग अंगठ्याचं नख चामड्यात रुतवून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. “मावशी, शिवले कुणी हे?”

“त्याच्या आईनं.”

“तातेचा, रेनडिअरच्या स्नायूचा दोरा आहे,” वन्सं हळूच म्हणाल्या. “एक टाका तुटलेला नाही. हे चामडं मेलेलं नाही, उपाशी आहे.”

त्या दिवसापासून आमच्या तंबूत जे सुरू झालं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या माहेरीही बुटांना चरबी लावायचे, पण ती लावायची म्हणून. वन्संनी ते बूट आजाऱ्यासारखे घेतले. आधी कोमट पाण्यात फडकं बुडवून मीठ आणि बुरशी पुसून काढली, एकदा, पुन्हा एकदा. नंतर दोन्ही बूट ओल्या शेवाळात गुंडाळून ठेवून दिले. मी मदत म्हणून ते शेकोटीजवळ सरकवले, तर केवढ्यानं ओरडल्या!

“आगीपासून लांब! तुला तापलेल्या तव्यावर बसवलं तर चालेल का? आगीनं चामडं वाळत नाही, भाजतं. भाजलं की मग देवालाही मऊ करता यायचं नाही.”

चामडं दमट झालं, थोडं वाकू लागलं, तसं त्यांनी मावशीकडून कॉड माशाचं तेल मागून घेतलं. त्या तेलाचा वास! तंबूतला कुत्रासुद्धा बाहेर जाऊन झोपला. वन्सं तळहातावर थोडंसं तेल घ्यायच्या, हात चोळून ऊन करायच्या आणि मग बुटावरून फिरवायच्या. फडकं नाही, काही नाही, नुसता हात. टाचेपासून वर, वरून पुन्हा खाली. घडीच्या जागी जास्त वेळ. तेल आत गेलं की थांबायच्या. मी म्हटलं, “वन्सं, एकदाच भरपूर ओतून ठेवलं तर?”

“उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढलंस तर काय होतं? चामडं तसंच आहे. जास्त पाजलं तर सैल पडतं, पसरतं, आणि मग पाण्याला आत बोलावतं. तहान लागेल तेवढंच द्यायचं.”

रात्रभर बूट तंबूच्या वरच्या काठीला, धुरात पण आचेपासून दूर, लटकलेले असायचे. सकाळी पुन्हा तेल. रोज त्यांचा रंग थोडा गडद व्हायचा. मी पहिल्यांदा चमकले ते एका सकाळी, कारण वन्संनी बुटाचा वरचा भाग सोडून दिला आणि तो आपोआप, सावकाश, झोपलेल्या माणसाचा हात बिछान्यावरून घसरावा तसा खाली वाकला. कालपर्यंत ते लाकूड होतं.

तेलानंतर चामड्याला चरबी; त्यासाठी हाडांच्या नळ्या फोडून त्यातली मज्जा काढायचं काम माझ्याकडे होतं. मामंजी नाराज. नळीतली मज्जा खायला त्यांना फार आवडायची. “मुलीच्या पायांनी माझा घास खाल्ला,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ती मज्जा जनावराच्या पायातली, गुडघ्याच्या खालची, घ्यायची. रेनडिअर बर्फात उभा असतो तरी त्याच्या पायातली चरबी गोठत नाही, आणि तीच चामड्याला दिली तर थंडीत चामडंही कडक होत नाही. हे वन्संनी सांगितलं तेव्हा मी हातातल्या हाडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत तसली हाडं किती फोडली असतील, पण हा विचार मला कधी शिवला नव्हता.

शेवटी भूर्जाच्या सालीचं डांबर आणि चरबी एका डब्यात पातळ केली. ती फक्त शिवणींवर. हाडाच्या टोकदार तुकड्यानं त्या टाक्याटाक्यात ते मिश्रण दाबत गेल्या. दोन जागी भेगा होत्या, तिथं ठिगळं लावून तातेनं शिवली. तात पाण्यात फुगते, भोक स्वतःच बुजवते, वरून डांबर. मग बुटांत काठोकाठ पाणी ओतून ते टांगले आणि आम्ही सगळे खाली बसून वर बघत राहिलो. मावशीही आली होती. कॉफी नव्हती, भाजलेल्या जवाचा काढा म्हणता येईल असं काहीतरी पीत होतो. कुठूनही थेंब आला नाही.

“समुद्र बाहेर ठेवता येतो तसा आतही ठेवता येतो म्हणायचा,” युहान म्हणाला. पण या वेळी त्यानं चेष्टा केली नव्हती.

वारा पडला. सकाळी ओहोटी संपत आलेली, खाडी काचेसारखी. बेटावरचा बर्फ इतका उजळ की त्याच्याकडे बघवत नव्हतं. वन्संनी बुटांत सुकं मऊ गवत नीट कोंबलं, पाय आत घातले, मांडीशी पट्टे आवळले. मुळात उंच, त्यात ते बूट. मामंजी म्हणाले, “आता तर तुला नवरा मिळायचाच नाही.”

“मिळाला तर खांद्यावर घेऊन फिरेन, बाबा.”

ठरलं होतं ते असं. युहान होडी वल्हवणार. वन्सं मागच्या बाजूला बसून घंटेवालीचा दोर धरणार. घंटेवाली म्हणजे आमची माणसाळलेली पांढरी मादी. ती पुढे पोहणार आणि कळप तिच्या मागे. मी आणि मामंजी कुत्र्यासह मागून कळपाला पाण्यात घालणार.

पहिली रांग पाण्यात शिरली तेव्हा मला रडू आलं, का ते माहीत नाही. गाभण माद्यांची शिंगं विण्यापर्यंत गळत नाहीत. त्यामुळे पाण्यावर दिसत होती ती शिंगंच शिंगं, एक अख्खं पानगळीचं रान समुद्रात चालत निघालेलं. आवाज नव्हता. नुसता श्वासांचा फुसफुसाट, आणि पुढे कुठंतरी घंटा.

खाडीच्या साधारण मध्यावर पाण्याखाली वाळूचा एक बांध आहे. ओहोटीला त्यावर गुडघ्याच्या जरा वरपर्यंत पाणी असतं. घंटेवाली त्याच्याजवळ पोचत होती, तेवढ्यात वरून समुद्री गरुड आला. तो माशासाठी आला होता, त्याला कळपाशी काही घेणंदेणं नव्हतं. पण त्याची भली मोठी सावली पुढच्या माद्यांवरून सरकली आणि त्या बिथरल्या. एकीनं तोंड फिरवलं, तिच्या मागची तिच्यामागं वळली, तिच्या मागची तिच्यामागं.

मामंजींनी टोपी काढली. “गेलं,” म्हणाले. “चाक झालं.”

पोहणारा कळप गोल फिरू लागला की त्याला चाक म्हणतात. प्रत्येक जनावर पुढच्याच्या शेपटीमागं जातं आणि पुढचं कुणीच नसतं. चाक आपोआप थांबत नाही. आतली जनावरं बाहेरच्यांच्या दाबानं खाली जातात, थकतात आणि बुडतात, तरी बाहेरची फिरतच राहतात. मामंजींनी लहानपणी एकदा ते पाहिलं होतं. काय उरलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

मी किनाऱ्यावरून बघत होते. भीती वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर नजर काढता येत नव्हती. शेकडो शिंगं एकाच दिशेनं, सावकाश, गोल. मधोमध पाणी खोलगट झालेलं, फेसाळ. एवढं सुंदर आणि एवढं भयंकर एकाच वेळी काही असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

होडी चाकाच्या पलीकडे होती. युहान ती वळवायला लागला तशी वन्संनी ओरडून त्याला थांबवलं. नंतर त्यानं सांगितलं की त्या एवढंच म्हणाल्या: “मागं येऊ नकोस, अजून भितील. बांधावर ने.” होडी बांधावर लागली. वन्संनी एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा. आणि त्या समुद्राच्या मध्यात उभ्या राहिल्या.

लांबून ते कसं दिसत होतं, सांगते. पाणी सगळीकडे सारखंच. खाली बांध आहे हे आपल्याला माहीत असतं, डोळ्यांना माहीत नसतं. डोळ्यांना दिसत होती ती पाण्यात न बुडता उभी राहिलेली एक बाई. तिनं दोर ओढून घंटेवालीलाही वर घेतलं. पांढरी मादी बांधावर चढली, अंग झटकलं आणि घंटा खणखणली. वन्संनी हाताची खूण करून होडीला लांब जायला सांगितलं. मग त्या हाका मारू लागल्या. आम्ही चाऱ्यासाठी, मिठासाठी जनावरांना बोलावतो तीच हाक, घरच्या अंगणात मारावी तशी, घाई न करता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मामंजींच्या ओठांची हालचाल दिसत होती. मग चाकाच्या बाहेरच्या कडेची एक म्हातारी मादी, तुटक्या शिंगाची, फिरता फिरता थबकली. तिला जमिनीवर उभी असलेली आपली घंटेवाली दिसली. जनावर उभं आहे म्हणजे तिथं पाय टेकतात! ती चाकातून सुटली. तिच्या मागची सुटली. आणि मग लोकरीचा गुंडा उतारावरून सोडावा तसं ते सगळं उलगडत गेलं, एक लांब, काळा, श्वास घेणारा धागा, सरळ वन्संच्या दिशेनं.

माद्या बांधावर चढत होत्या, क्षणभर उभ्या राहत होत्या, पाणी झटकत होत्या आणि पलीकडे उतरून बेटाकडे पोहत जात होत्या. वन्संच्या डावीकडून, उजवीकडून. त्यांच्यामधून त्या तेवढ्या दिसत होत्या, पुरात उभ्या राहिलेल्या खांबासारख्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

भरती लागल्याचं आधी मावशीनं पाहिलं. ती कधी आमच्याशेजारी येऊन उभी राहिली होती कळलंच नव्हतं. “पाणी चढतंय,” ती म्हणाली. एवढंच. पण तिचा आवाज ऐकून मी तिच्याकडे पाहिलं. मग मला समजलं. असले बूट वरून भरले तर माणसाला खाली नेतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईला ते माहीत असतं.

पाणी वन्संच्या गुडघ्यांच्या वर होतं ते आता मांडीवर आलं. युहान होडी जवळ आणू बघत होता, पण मधून अजून जनावरं जात होती. होडी घुसली असती तर पुन्हा बिथरली असती. वन्सं हातानं त्याला दूर सारत होत्या. घंटेवालीचे पाय सुटायला लागले. वन्संनी दोर सोडून दिला आणि ती बाकीच्यांबरोबर गेली. आता त्या एकट्या.

कळप संपला असं आम्हाला वाटलं. पण एक मादी मागं राहिली होती. चाकाच्या मधली असणार. फक्त नाक आणि शिंगांची टोकं वर, दमलेली, पोट जड. ती कशीबशी बांधापर्यंत आली आणि तिथं तिचे पाय लटपटले. वन्सं दोन पावलं पुढे गेल्या. त्यांनी तिचं शिंग धरलं, तिचं डोकं पाण्याबाहेर ठेवलं आणि तिला आपल्या मांडीशी टेकवून घेतलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. पाणी चढत होतं. युहान वल्ही मारत होता, मावशीची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

मग मादीनं डोकं झटकलं. वन्संनी शिंग सोडलं. ती पोहत निघाली, आधी हळू, मग सरळ. होडी पोचली. युहाननं बहिणीला काखेत हात घालून आत ओढलं, तेव्हा पाणी बुटांच्या काठाखाली जेमतेम तीन बोटं राहिलं होतं.

मावशीच्या झोपडीत आणलं तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं. कंबरेवरचं अंग उडालेल्या पाण्यानं ओलंचिंब, ओठ निळे, दात वाजत होते. मी ओले कपडे काढले, कातडं पांघरलं. पट्टे सोडून बूट ओढायला मावशी बसली. एक निघाला. तिनं आत हात घातला, पार टाचेपर्यंत, आणि गवताची मूठ बाहेर काढली. गालाला लावली. मग माझ्या हातात दिली. गवत सुकं होतं. मी आत हात घातला. आत उबारा होता, अजून. बाहेरून त्या चामड्यावर समुद्राचं पाणी मोत्यासारखं टपोरं होऊन ओघळत होतं आणि आत माणसाच्या पायाची ऊब होती, आणि दोघांच्या मध्ये फक्त एवढंसं, माझ्या कानाच्या पाळीएवढं जाड चामडं.

मामंजी दारात उभे होते. आत येत नव्हते.

वन्संनी गरम रस्सा घेतला, हुडहुडी उतरली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ती शेवटची टेकली ना माझ्यावर. तिच्या पोटात पिल्लू हललं.”

“तुला कसं कळलं?” युहाननं विचारलं.

“मांडीला लागलं. चामड्यातून.” त्यांनी आपला तळहात मांडीवर ठेवला, नेमका जिथं लागलं होतं तिथं. “लाथ मारली त्यानं. अशी, छोटीशी. एवढा थंडगार समुद्र, माझे हात बधिर, आणि त्यात ते. आतून. मला वाटलं, आता पाणी कितीही येऊ दे.”

मावशी बूट मांडीवर घेऊन बसली होती, त्याची घडी झालेली जागा अंगठ्यानं दाबत, सोडत. मग ती एकाएकी हसायला लागली. हसता हसता रडली, पण मुख्यतः हसली.

“इसाक कधी त्यांना धड वंगण लावायचा नाही,” ती म्हणाली. “आई गेल्यावर तर कधीच नाही. नेहमी एक पाय ओला. घरी आला की माझ्यावरच चिडायचा, जसं काही समुद्र मीच त्याच्या बुटात ओतला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटावर निघालो. वन्संनी बूट पुसून, सावलीत वाळवून, तेलाचा एक हात देऊन मावशीच्या दाराशी ठेवले. मावशीनं ते परत त्यांच्या हातात कोंबले.

“तुझे आहेत आता.”

“मी डोंगरावर काय करू त्यांचं? वरती समुद्र कुठं आहे? तू घाल. होडी आहे, जाळं आहे.”

“माझा पाय केवढा, बूट केवढा!”

“गवत जास्त घाल. सगळीच उणीव पायानं भरायला नको, थोडी गवतानं भरून निघते.”

मावशी पुटपुटत आत गेली. आम्ही सामान होडीत चढवलं. होडी वाळूत रुतली होती, हलेना. तेवढ्यात मागून चिखलात ढपाक ढपाक आवाज आला. ओलेआनामावशी येत होती, मांडीच्याही वर गेलेल्या त्या काळ्या बुटांत, बदकासारखी डुलत. ती सरळ पाण्यात गेली, खांदा लावला आणि होडी ढकलली. युहाननं मोठ्या प्रयासानं हसू दाबलं. ती तिथंच उभी राहिली, पाण्यात, हात कमरेवर ठेवून, आम्ही लांब जाईपर्यंत. होडी तिला परत मिळाली आणि त्याच वसंतात ती मासे धरायला जायला लागली. एकटी. पुढं कित्येक वर्षं जात राहिली.

बेटावर सगळीकडे माद्या पांगल्या होत्या. दक्षिणेकडच्या उतारावर बर्फ गेलेला, काळी माती उघडी, आणि तिथं एका खडकाच्या आडोशाला पहिलं पिल्लू झालं होतं. ओलं, तपकिरी, चार पायांची नुसती गुंतागुंत. ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं. तीच ती शेवटची मादी होती का, मी ओळखू शकले नाही. वन्संनी ओळखलं असेल. वाऱ्याकडे पाठ करून नुसत्या बघत राहिल्या.

आमच्यात माणसाचं स्वतःचं एक गाणं असतं, योइक म्हणतात त्याला. ते आपण आपल्यासाठी करायचं नसतं, दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. त्याला शब्द नसले तरी चालतात. ऐकलं की ते माणूस समोर उभं राहिलं पाहिजे. काहींना ते पाळण्यात मिळतं. वन्संना ते कुणीच दिलं नव्हतं. मामंजींनी युहानचं केलं होतं, मेलेल्या बायकोचं केलं होतं, अगदी कुत्र्याचंसुद्धा.

मामंजी खडकावर बसले होते. त्यांनी गळा साफ केला. मला वाटलं खोकतायत. मग एक खोल सूर आला, सपाट, लांबच लांब, पाण्यासारखा. मधूनमधून तो खाली येऊन दुसऱ्या एका सुरावर टेकायचा, जो अजिबात हलत नव्हता. वरचा सूर चढत गेला, सावकाश, आणखी थोडा, आणखी थोडा, आणि खालचा तसाच, जागच्या जागी, उभा. वारा थांबला नाही की पिल्लू पडायचं थांबलं नाही, पण मला डोळे मिटूनही वन्सं दिसत होत्या.

वन्सं वळल्या नाहीत. त्यांची उंच पाठ तेवढी आमच्याकडे होती. सूर संपल्यावर त्या म्हणाल्या, “बाबा, शेवटी जरा खाली घसरलात.”

“मग शिकव मला,” मामंजी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.